जावक-आवक

मे महिना. भुसावळ. पारा सत्तेचाळीसवर,
आणि यार्डामागच्या मैदानावर चिटपाखरू नाही.
गोलपोस्टला हात लावला तर फोड येईल.
तरी क्लबाच्या खोलीत, न फिरणाऱ्या पंख्याखाली,
अकरा माणसं घसा फाडून सांगतायत
की आपण बुडालो.

सिकंदर तडवी नाशिकला चालला.
बावीस गोल, डावा पाय,
आणि घरी दरमहा पैसे पाठवायची घाई.
नाशिकवाले खोली देतात, दोन जोड बूट देतात,
कारखान्याच्या गेटावर चिकटवतो म्हणतात.
आपण काय देत होतो? जिंकलो की शेवभाजी,
हरलो की तीच शेवभाजी, रस्सा जास्त.

झांबरे म्हणतो, सेक्रेटरीनं पोरगा विकला.
सेक्रेटरी म्हणतो, विकला असता तर पंखा फिरला असता.
तेवढ्यात बऱ्हाणपूरहून येणाऱ्या नव्या गोलकीपरचा
व्हिडिओ या हातातून त्या हातात:
सोळा सेकंद, एक उडी, वरून गाणं.
अर्धी खोली फिदा.
उरलेल्या अर्ध्या खोलीला तो बुटका वाटतो.

मी खजिनदार. वाद घालत नाही, वही उघडतो.
लाल कापडाची, कोपरे उंदरांनी चाखलेले.
डावीकडे जावक, उजवीकडे आवक.
एका साली पाच जण गेले. खाली
फालकच्या बापाचं अक्षर: संघ संपला.
पुढच्याच पानावर, त्याच अक्षरात,
ढालीला पॉलिश, सव्वाचार रुपये.

हे आणखी एक पान. जबलपूरहून आणलेला ग्लॅडविन.
फलाट पाचपासून मैदानापर्यंत मिरवणूक.
पहिला सामना, बारावं मिनिट, घोटा.
हार नव्वद, बँड चारशे, हाडवैद्य साठ.
त्यानंतर वहीत त्याचं नाव नाही.
पण तो गेलाच नाही. इथंच लग्न केलं,
जामनेर रोडला सायकलचं दुकान टाकलं,
आणि एकतीस वर्षं झाली, दर रविवारी पहाटे
लंगडत येतो, चुन्याच्या रेघा मारतो,
इतक्या सरळ, की रूळवाले थांबून बघतात.
याला मी कुठल्या रकान्यात धरू?

पान नऊवर मीही आहे.
अमळनेरवाल्यांनी मला देऊन टाकलं
दोन चेंडू आणि एका जाळीच्या बदल्यात.
चेंडू वर्षभरात फाटले.
जाळी अजून टांगलेली आहे, मी पाहून आलो.
माझे गुडघे बघता सौदा त्यांना परवडला.

बाहेर शंटिंग चालू आहे.
डबा सुटतो, धडक बसते, दुसरा डबा जोडला जातो.
रात्रभर हाच आवाज उशाला घेऊन वाढलेलो आपण,
एक पोरगं सुटलं तर दचकायचं कशाला?
असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.
मीही दचकलोच होतो.
सिकंदरचा डावा पाय म्हणजे काही वॅगन नव्हे.

फालक म्हणाला, मग करायचं काय?
म्हटलं, जुलैपर्यंत काही नाही.
केळी हिरवीच उतरते, भो. भाव आधी फुटतो,
गोडी मागाहून कळते. कधी कधी
नुसतीच काळी पडते, तेही मागाहूनच.
यावर कुणाचं समाधान झालं नाही.
चहा आला, तो अर्धा अर्धा झाला,
आणि पुन्हा बऱ्हाणपूरवाल्याची उंची निघाली.

सहाला सगळे उठले. ऊन उठलं नव्हतं.
मी कुलूप शोधत होतो, तर दारात सिकंदर.
नऊ नंबरची जर्सी, धुतलेली,
इस्त्रीची घडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
मी जावकमध्ये त्याचं नाव लिहिलं.
आवकमध्ये लिहिलं: जर्सी एक.
तो तिथंच उभा. खिशातून पन्नासची नोट काढली,
म्हणाला, काका, पुढच्या वर्षीची वर्गणी.

वर्गणी चाळीस आहे.
माझ्याकडे सुटे नव्हते.
त्याचे दहा रुपये क्लबाकडे बाकी आहेत.