काळ्याला दुप्पट लागते

सावंतवाडीचा दुकानदार म्हणाला, एका झग्याला एक पुडी पुरे.
काळ्याला पुरत नाही. काळ्याला दुप्पट लागते,
नाहीतर वाळल्यावर वांग्याचा रंग उरतो.

रुझारीन बोचकं घेऊन आली तेव्हा
मी गणवेशाला हुक लावत होते.
इनासला पुरून तिसरा दिवस.
त्यांच्यात वर्षभर काळं.
मी काळं नेसते ते संक्रांतीला, हौसेनं,
नेमकं तेव्हाच आठवलं, आणि सुई बोटात गेली.

बोचक्यात सगळं त्यानंच आणलेलं.
जहाजावर भटारी होता, बंदरागणिक कापड:
एडनची मखमल,
छत्रीसारखं करकरणारं एक काहीतरी,
एक रेशीम, घडी घालायला घ्यावं तर पाण्यासारखं निसटणारं,
आणि त्याचा स्वतःचा टेरिलीनचा शर्ट.
"सगळा काळा कर."

सगळं होणार नाही गे, म्हटलं.
शिवणीच्या आतून एकेक धागा ओढला, काडी लावली.
केस जळल्याचा वास आला तर रेशीम,
कागदाचा आला तर सूत,
थेंब होऊन बोटाला डसला
तर त्याला कुणी काही सांगू नये, तो ऐकत नाही.

परसात तीन दगड. टोप असा, ज्यात पुन्हा भात शिजणार नाही.
कापड आधी भिजवायचं, कोरडं टाकलं तर ढग उठतात.
सुताला मीठ. शिरोड्यात मिठाला काय तोटा,
आगरातलं जाडं, मातकट, रुझारीननंच टाकलं,
न मोजता, तिचा बाप आगरात राबलेला.
रेशमाला व्हिनेगर, माडाचं,
तिच्याच घरच्या बुधल्यातलं,
ज्यात इनास सुट्टीवर आला की डुकराचं मटण मुरवायचा.
वाफ वर आली
आणि ती उठून विहिरीकडे गेली.
बराच वेळ रहाट नुसताच वाजत होता.

मी काठी फिरवत राहिले. थांबलं की डाग धरतो.

मखमल टोपात घातली नाही, तिची लव मोडते.
तशीही गर्द हिरवी. संध्याकाळच्या मिसाला काळीच दिसेल, म्हटलं,
इस्त्री उलट बाजूनं, खाली टॉवेल घालून,
आणि पावसाळ्यात पेटीत मिरी ठेव, नाहीतर बुरशी चढेल पांढरी.
शर्ट तीनदा बुडवला. राखाडीच्या पुढे जाईना.
तिनं तो ओलाच उचलून नेला.

खळबळताना पाणी आधी शाई,
मग जांभूळ,
मग बांगड्याच्या पोटासारखं. तेव्हा थांबायचं.
वाळवायचं सावलीत, आतली बाजू बाहेर.

दुसऱ्या दिवशी सुती झगा उलटा होता तो सुलटा केला
आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
झगा काळाभोर. धागा पांढरा.
बारा वर्षांपूर्वी मीच शिवलेला, घाईत, त्या नव्या न तुटणाऱ्या धाग्यानं,
दादरच्या नाताळाआधी, म्हणजे आदल्या रात्री,
आणि डाव्या बाहीखाली टीप वाकडी गेलेली,
उसवायला वेळ नव्हता, पांढऱ्यावर पांढरं, कुणाला कळणार.
आता खांद्यापासून कमरेपर्यंत
माझी प्रत्येक टीप मोजता येत होती.

उसवून देते, म्हटलं, रात्रीत काळ्या धाग्यानं घेते.
तिनं बाहीखाली बोट फिरवलं.
"त्येका दिसली हुती ही. तवाच. माका सांगल्यान,
तुका सांगू नको म्हणालो."
मग झगा घडी करून काखेत घेतला. "रवांदे."

रविवारी ती घाटीवरून देवळाकडे चढताना दिसली,
डावा हात उचलून पदर नसलेल्या डोक्यावर रुमाल सावरत.
माझी नखं आठ दिवस काळी होती.
लोक कापड द्यायला यायचे आणि आधी हातांकडे बघायचे.