अठ्ठ्याहत्तर

जालन्यात, औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत
आमची बियाणं तपासायची प्रयोगशाळा.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
आठव्या दिवशी कोंब मोजायचे,
आकडा मेलनं कळवायचा. एवढंच काम.

गंगाखेडहून कच्छवे दुकानदारांचा फोन आला :
"हरभरा सत्त्याऐंशी टक्के म्हणलात, उगवला कुटं वो?"
वही काढली. वहीत अठ्ठ्याहत्तर.
आमच्या नावानं, आमचाच पत्ता लावून
कुणीतरी दोन आकडे उलटे केलेले.
आणि आमची खरी पत्रं
लोकांच्या स्पॅममध्ये,
लॉटरी आणि केस उगवायच्या तेलाशेजारी पडून.

अंभोरे मॅडम म्हणाल्या, काहीतरी कर.

रात्री बसून किल्ल्यांची जोडी घडवली.
एक ठेवली सर्व्हरच्या पोटात, कुणाला न दाखवता.
दुसरी टांगली चव्हाट्यावर,
आमच्या डोमेनच्या नोंदीत :
ज्याला पडताळायचं, त्यानं लावून बघावी.

तेव्हा तहसीलसमोरचे मोइजुद्दीन अर्जनवीस आठवले.
अर्ज लिहून झाला की मोठ्यानं वाचायचे,
मग शेवटच्या ओळीला चिकटूनच अंगठा घ्यायचे,
मधे बोटभर जागा सोडायचे नाहीत.
"कोरी जागा म्हणजे दुसऱ्याची जीभ, मियाँ."

माझं यंत्रही तेच करतं :
पत्राचं अक्षरन् अक्षर दळून
चिमूटभर पीठ करतं, त्यावर अंगठा.
वाटेत एक स्वल्पविराम हलला
तरी पीठ वेगळं.

दोन दिवसांनी तपासलं. सही जुळली.
तरी पत्रं लगेच उंबऱ्याच्या आत घेईनात.
बरोबरच आहे. ओळख पटली म्हणजे पत आली असं नाही,
ती रोज थोडी थोडी साचते,
उधारीच्या वहीत नाव न येणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

आणि सहीला हरभऱ्यातलं काही कळत नाही.
उद्या मीच सत्त्याऐंशी लिहिले
तर तेही ती इमानानं पोचवील.
खरं-खोटं राहतं तिकडं, खिडकीपाशी,
कौसाबाई डोंगरदिवेच्या चिमट्यात,
जिथं त्या एकेक कोंब उचलून
चष्म्याजवळ नेतात,
आणि मेलेला दाणा मेलेल्यांत टाकतात.

शनिवारी कच्छव्यांचं उत्तर आलं :
"मिळालं. पण आकडा कमी हाय की."

मी लिहिलं, हो. कमीच आहे.
बटण दाबलं.
खाली, कुणालाच न दिसणारी,
सही झाली.