ओळख

किसुमूत, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर
एक खोली, दोन खुर्च्या,
आणि वीज गेली की
फोनच्या उजेडात बसलेली अपोंडी.

"वशिला नाही लावत मी," ती म्हणाली,
"ओळख करून देते."
मला तेव्हा फरक कळला नव्हता.
फ्रीज दुरुस्त करता येतो, एवढंच लिहिलं होतं
तिच्या यादीत, सातव्या क्रमांकाला.

बँकेतल्या साहेबाने विचारलं होतं, तारण काय?
तिने नावं दाखवली. तीनशे अकरा.
तो हसला,
मग दार लोटता लोटता हळूच म्हणाला,
माझ्या पुतण्याचंही घ्या.

तिची आई सरोवराकाठी बोटभर मासळी वाळवते.
म्हणते, जाळं विकतं का गं कुणी?
जाळ्यात येतं ते विकायचं.
अपोंडी यावर गप्प.
पहिले बारा नंबर तिने
आईच्याच उधारीच्या वहीतून उतरवले होते.

मंगळवारी तिने मला बर्फाच्या कारखान्यात धाडलं,
न्याबोकेबाईंकडे.
बाईंनी कागद पाहिलाच नाही,
बंद कॉम्प्रेसरकडे बोट केलं.
दुपारी उशिरा तो घुरघुरला.

संध्याकाळी तिचे पैसे द्यायला गेलो, तर जिन्यात
अपोंडी घरमालकाकडे
भाड्याला आठवड्याची मुदत मागत होती.
तो म्हणत होता, तुम्हाला इथं ओळखतं कोण?

दोन पायऱ्या खाली उभा राहून मी म्हणालो,
"मी ओळखतो."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.
हाताला अजून ग्रीस होतं.