दिवस चौथा, पायी

कंपनीच्या कागदावर छापलंय:
"दिवस चौथा. बुडापेस्ट. संपूर्ण दिवस पायी.
आरामदायक बूट घालावेत."
घातले.
हौसाक्कानंही घातले, पांढरे, नव्या रबराच्या वासाचे,
दोन पावलं टाकून म्हणाली,
"बाई, पाय कुणाचं तरी उसनं आणल्यागत वाटाय लागल्यात."

आठ वाजता नदीवरचा पूल.
कागदावरच्या पुलाला दगडी सिंह आहेत.
शिवाजी पुलाला नाहीत.
खाली पंचगंगेत एक म्हैस, शिंगं आणि नाक तेवढं वर,
तिची पाठ एकजण दगडानं घासतोय.
"हिलाच सिंहीण धरा," हौसाक्का म्हणाली.
मी पेनानं खूण केली.

तीस वर्षं मी भूगोल शिकवला.
डॅन्यूबकाठच्या राजधान्या सांगा. चार नावं, चार गुण.
तीस वर्षं ती नकाशाची गुंडाळी खांद्यावर टाकून
माझ्यापुढं चालायची,
युरोप खिळ्याला टांगायची,
तास संपला की गुंडाळून
कपाटात आफ्रिकेशेजारी उभा करायची.
एकदा डस्टर झटकता झटकता विचारलं होतं तिनं,
"हितनं निघालं तर कुठल्या रस्त्यानं जायाचं ओ?"
मी हसले होते.
ते हसू अजून अडकलंय दाढेत,
बडीशेपेच्या काडीसारखं.

साडेदहा, संग्रहालय.
टाउन हॉल. सोमवार. बंद.
टोकदार कमानीकडं बघत तोफेशेजारी बसलो.
"हे तर कागदावरच्यागतच हाय की," ती म्हणाली,
"मग तिकडं जाऊन बी बंदच बघिटलं असतं."

बाराला "पारंपरिक मंडईस भेट".
कपिलतीर्थात तिनं वांग्याला हात घातला.
"पर्यटकानं भाव करायचा नसतो."
"मग काय करायचं?"
"बघायचं."
"नुस्तं?"
आम्ही वांगी नुसती बघितली.
खरंच, किती जांभळी असतात.
भाजीवाली वैतागून म्हणाली,
"घेणार नसला तर उजेड सोडा."

मिसळीच्या दुकानात, कटाची दुसरी वाटी मागवून,
तिनं तो विषय काढलाच.
"माझं एक ऱ्हाऊ दे. मी शिपाईण.
पर तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईला
न्हाई म्हणत्यात म्हंजे काय!"

तिच्या पत्रात लिहिलं होतं:
अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही.
अर्जदार, जी नरसोबाच्या वाडीला गेली
तरी मुक्काम करत नाही,
सांजेची धार चुकते म्हणून.

मी पाव मोडला.
पर्समध्ये माझा पासपोर्ट होता,
त्यात शिक्का, अजून अकरा दिवस चालणारा.
"आता काय करायचं, हौसाक्का," मी म्हटलं,
"त्यांची मर्जी."
तिनं तिच्या ताटलीतला लिंबू माझ्यावर पिळला,
म्हणजे माझ्या मिसळीवर.
डोळ्यात उडाला. बरं झालं.

राजवाडा झाला. देऊळ झालं, आतून, रांगेत.
चप्पल ओळीत दुकानदार "या मावशी" म्हणाला
आणि पांढऱ्या बुटांकडं बघून गप्प बसला.
संध्याकाळी "जलाशयाकाठी सूर्यास्त".
रंकाळ्याच्या कठड्यावर तिनं बूट काढले,
टाचेवर फोड, रुपयाएवढा.
त्यावर फुंकर घालत म्हणाली,
"त्यो नंदी म्हणं रोज गव्हाएवढा फुडं सरकतोय
आनि तांदळाएवढा मागं.
त्येला कुणी शिक्का मागत न्हाई."

दिवे लागले पाण्यात.
ती माझ्याकडं बघत नव्हती. पर्सकडं बघत होती,
किंवा पर्सखालच्या शेंगांच्या पुडीकडं.

"उद्या काय हाय कागदावर?"
"दिवस पाचवा. व्हिएन्नाकडे प्रस्थान."
"लांब?"
"कागलच्या पुढं."
"मग सकाळची धार काढून निघू," ती म्हणाली,
आणि बूट हातात घेऊन
अनवाणी, माझ्यापुढं चालायला लागली.