चुन्याची पावती

टँकर उलटला तेव्हा पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती,
हे मला नक्की आठवतं,
कारण बिलाच्या पहिल्या ओळीत तेच लिहायचं होतं.

हायवेवर, टोलनाक्याच्या अलीकडच्या वळणाला
अठरा हजार लिटर. कागदावर सल्फ्युरिक आम्ल,
बघायला जमलेले म्हणाले, तेजाब.
फोन आला उमरगा नगरपरिषदेला,
जवळपास लाल गाडी तेवढी एकच.

बशीरमियाँनी पाइप काढला,
मग हळूच पुन्हा गुंडाळून ठेवला.
पाणी मारलं की हे उसळतं, तोंडावर येतं.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
पाणी वाचवायचा हुकूम इतक्या मनापासून
कुणी पाळला नसेल.

मग चुना.
कुठून आला ते विचारू नका.
म्हणजे विचारलं, पुढे सहा महिने तेच विचारलं.
शाळेच्या मैदानावर पट्टे मारायची फक्की आली,
रंगाऱ्याकडून आली,
वडारवाड्यातल्या मैनाबाई पाथरूट डोक्यावर गोणी घेऊन आल्या
आणि कुणाला काही न विचारता
ओढ्याच्या तोंडाशी ओतून मोकळ्या झाल्या.
पांढरं फसफसलं, दूध उतू जावं तसं.
वास दुधाचा नव्हता.
खाली तलाव. तलावाच्या खाली आमचे नळ.

मी लेखा विभागातला. माझं काम नंतरचं.
जेसीबी, नऊ तास. वाळू, चार ब्रास.
लिंबू सरबत, एकशे वीस ग्लास
(हे मुख्याधिकारी मॅडमनी खोडलं).
घरपट्टीच्या थकबाकीची नोटीस मला झोपेत लिहिता येते,
पण अंकलेश्वरच्या कंपनीला
‘आपणास कळविण्यात येते की’ लिहिताना
पेन जरा ताठ धरला.

उत्तर वकिलाच्या जाड कागदावर आलं.
अपघात आपल्या हद्दीबाहेर दीड किलोमीटर. आपण का गेलात?
मी तीनदा वाचलं.
मॅडम म्हणाल्या, लिहा:
ओढा हद्दीत येतो.
पुढे काय लिहू?
काही नको. सही आणते.

दुसऱ्या पत्रात, बुटांचा एक जोड, अमान्य.
बूट नऊ वर्षांचे, घसारा वजा जाता किंमत शून्य.
बशीरमियाँची टाच अजून तांबडी होती.
म्हणाले, पायाचा घसारा किती धरलाय, तेही बघा की.

तिसऱ्यात एकच ओळ: चुन्याच्या पावत्या जोडाव्यात.

अख्ख्या जगाला चुना लावता येतो,
पण चुना घेतल्याची पावती
उमरग्यात तरी मिळत नाही.
वही घेऊन दारोदार गेलो.
रंगाऱ्यानं दिला त्याच्या तिप्पट सांगितला.
मुख्याध्यापक म्हणाले, आमचा चुना शासनाचा, शासनाला विचारा.
मैनाबाई कामावर होत्या, शेजारणीनं सांगितलं,
एक गोणी. तसं लिहिलं.
अंगठा दुसऱ्या खेपेला घेतला, वाचून दाखवायचं राहिलं.

तीन वर्षं. चार सुनावण्या. एक वकील बदलला, आमचाच.
मागितले तीन लाख शहाऐंशी हजार,
आले एक लाख बारा.
रोजकीर्दीत कुठं धरावेत, असं सदर नव्हतंच,
म्हणून किरकोळ जमेत टाकले,
कोंडवाड्याच्या दंडाखाली, रद्दीच्या विक्रीच्या वर.

मैनाबाईंच्या वाट्याला एकशे साठ रुपये.
मी स्वतःच घेऊन गेलो,
थोडी ऐट होती मनात, खोटं कशाला बोलू.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या.
‘गोण्या दोन व्हत्या, साहेब.
एक माझी, एक लेकीनं आणलेली. तुमी एकच लिवली.’

मी म्हणालो, मावशी, फाइल बंद झाली.

त्यांनी पैसे कनवटीला लावले,
उंबऱ्यावर बसल्या, मलाही बसायला सरकून जागा केली.
‘बंद झाली तर उघडा.
तवा आमी झोपंतून उठलोच की.’