डिस्क भरली आहे

ब्रनो. रात्रीचे अडीच.
सर्व्हर म्हणतो, तसूभरही जागा नाही.
फाइली मोजाव्यात, तर डिस्क निम्मी रिकामी.
दोन्ही हिशेब खरे,
आणि लिबुशेची कॉफी गार.

पहाटे सापडतं :
कुणीतरी एक लॉग पुसला होता.
नाव गेलं, पत्ता गेला,
पण एक जुनी प्रोसेस त्याला धरून बसलेली,
चारशे अकरा दिवस.
हात सुटल्याशिवाय
कर्नल जागा सोडत नाही.
हा बग नव्हे. रीतच आहे त्याची.

ती प्रोसेस मारते.
नव्वद जीबी. मुकाट परत.

सहाची ट्राम.
दारावरची रोस्तिस्लावच्या नावाची पट्टी
तिनेच काढली, गेल्या वर्षी,
स्क्रू ड्रायव्हरने.

कपाटाच्या उजव्या कप्प्यात
ती अजून कोंबते स्वेटरवर स्वेटर.
दार नीट लागत नाही.
डावा रिकामाच.