हजेरी

माझगाव गोदी, एकोणीसशे अठ्ठावन्न.
सव्वातीन फुटांची गुंडाळी,
उलगडली की पुन्हा मिटायला बघते.
तीन तुकड्यांत स्कॅन केली,
सांधा नेमका फिटर चेंदवणकरांच्या खांद्यावर आला.
दोन रात्री त्यांचा सदरा शिवत बसले.

लॅबमधला डायस म्हणाला,
कडेला पाव इंच जास्त सोडा, मॅडम,
पातं कुणाला ओळखत नाही.
उजव्या टोकाला किटलीवाला पोऱ्या,
आधीच अर्धा.
त्याच्यासाठी भिंत वाढवली.

मग आभाळ पुसायला घेतलं.
बुरशी, धूळ, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
क्रेनच्या वर एक ठिपका राहिला:
चारशे टक्के मोठा केला तरी
पंख दिसेनात,
आणि घार नाहीच, असंही म्हणवेना.

सकाळी डायसचा फोन,
वर डाग आहे, काढू?
नको, म्हटलं,
हजेरीत आहे तो.